विम्यावरचा जीएसटी गेला, ८० डी पण गेलं. मग हातात राहिलं काय?

पौडफाटा
बाबांच्या (वय ७४) आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली. गेल्या वर्षी मूळ हप्ता ५८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,४४०, एकूण ६८,४४० भरले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य, म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात. तर यंदाचा आकडा ६३,५१०. मूळ हप्ता बरोब्बर साडेनऊ टक्क्यांनी वाढवलाय. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांच्या वर न्यायचा तर आधी आयआरडीएआयशी (विमा नियामक) बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. तेव्हा हे साडेनऊ कुठून आले ते सांगायला ज्योतिषी नको.

आता दुसरी बाजू. हप्ता मी भरतो. जुन्या करप्रणालीत होतो तोवर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्याची ५०,००० पर्यंतची वजावट आयकराच्या ८० डी कलमाखाली मिळायची. ३० टक्के आणि वरचा ४ टक्के सेस धरून १५,६०० वाचायचे. यंदा ऑफिसात नवी करप्रणाली निवडली, तिथे ८० डी नाही. म्हणजे जीएसटीचे १०,४४० वाचले, ८० डीचे १५,६०० गेले. आरोग्यसेवा स्वस्त करणाऱ्या एवढ्या सुधारणा झाल्यावर मी ५,१६० रुपयांनी मागेच!

गणित चुकतंय का माझं? आणि तुमचे अनुभव काय?

वाडा_पाडलेला
गणित बरोबर आहे. अपेक्षा चुकली.

अजून_पंचविशी
मी विमाच काढलेला नाही. मी किती पुढे?

ताळेबंद
पौडफाटा, गणित चुकतंय. ८० डीचे १५,६०० गेले हे खरं, पण ते सोडून तुम्ही काय उचललंत ते लिहिलं नाहीत. दोन्ही प्रणालींचा पूर्ण कर शेजारी शेजारी मांडायचा असतो, एकेक कलम सुटं काढून नाही.

समजा पगार वर्षाला १३ लाख. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८० सी चे (पीएफ, एलआयसी वगैरे) दीड लाख, ८० डीचे स्वतःचे २५,००० आणि आईवडिलांचे ५०,००० असं सगळं टिच्चून घेतलं तरी करपात्र उत्पन्न १०.२५ लाख, आणि सेससकट कर १,२४,८००. नव्या प्रणालीत काहीही न दाखवता प्रमाणित वजावट ७५,०००, करपात्र १२.२५ लाख. १२ लाखांच्या वर जेवढे असतील तेवढाच कर घ्यायचा अशी सूट असल्यामुळे २५,००० अधिक सेस, म्हणजे २६,०००. जवळजवळ एक लाखाचा फरक.

तुमचा पगार जास्त असेल म्हणून २४ लाखांचंही करून पाहिलं, गृहकर्जाचं दोन लाख व्याज धरून. जुनी ४,०५,६००, नवी २,९२,५००. तिथेही ८० डी तुम्हाला वाचवत नाही. घरभाडं, कर्ज, ८० सी, सगळं भलंमोठं असेल अशा मोजक्या लोकांनाच आता जुनी प्रणाली परवडते. माझ्या अशिलांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

पौडफाटा
ताळेबंदताई, धन्यवाद. म्हणजे मी पुढे आहे आणि मला कळत नव्हतं. तरी मन मानत नाही.

वाडा_पाडलेला
पुणेकराला सवलत मिळाल्याचं दुःख नसतं, सवलत काढल्याचं असतं. घरपट्टीतली ४० टक्के सवलत आठवा. १९७० पासून मिळत होती तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. काढून घेतली आणि घराघरात चर्चा. २०२३ ला परत मिळाली, पण पीटी-३ भरा. आमच्या सोसायटीत तो अर्ज भरायचं शिबिर झालं, रक्तदानाला आली नव्हती एवढी माणसं आली.

हिंजवडीग्रस्त
माझ्याकडून एक भर. आईबाबांना कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत घातलंय, त्यांचा हप्ता माझ्या पगारातून कापतात. सप्टेंबरनंतर कमी होईल म्हणून एचआरला विचारलं. उत्तर आलं: शून्य जीएसटी फक्त वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसीला, ग्रुपला १८ टक्के आहेतच. म्हणजे खिसा माझाच, माणसं तीच, पण पॉलिसीवर कंपनीचं नाव म्हणून कर.

ताळेबंद
बरोबर सांगितलं त्यांनी. मात्र तुमच्या स्वतःच्या नि बायकोमुलांच्या कव्हरचा हप्ता कंपनी भरते, तो तुमच्या पगारात धरला जात नाही, आणि हे नव्या प्रणालीतही चालू आहे. लोकांच्या लक्षात येत नाही, पण विम्यावरची खरी उरलेली करसवलत ती हीच. नोकरीत आहात तोवर. साठीला निवृत्त झालात की तीही गेली, आणि विम्याची गरज तेव्हाच सुरू होते.

हप्तेवाला
मी विमा एजंट, या धंद्यात १९ वर्षं आहे, बिबवेवाडीत. दोन गोष्टी लिहितो.

एक, जीएसटी गेल्यावर कंपनीचा खर्च वाढला हे खोटं नाही. ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, जाहिरात, आमचं कमिशन, या सगळ्यावर कंपनी जीएसटी भरते. आधी गिऱ्हाईकाकडून गोळा केलेल्या १८ टक्क्यांतून तो वळता व्हायचा. आता गोळाच करायचा नाही, तर वळता कशातून करणार? मग एक तर हप्ता वाढतो, नाही तर आमच्यासारख्याचं कमिशन कापलं जातं. माझ्या बाबतीत दुसरं झालं. ऑक्टोबरपासून कमिशन जीएसटीसकट धरतात, हातात येणारी रक्कम सरळ कमी झाली. सरकारने कर काढला, तो माझ्या खिशातून गेला.

दोन, ८० डीबद्दल. तुम्ही लोक गणित करताय, मी माणसं बघितलीत. पंधरा वर्षं माझा फोन फेब्रुवारी-मार्चमध्ये वाजायचा. 'एचआरने पुरावे मागितलेत, काहीतरी पॉलिसी द्या लवकर.' त्या काहीतरीतून विमा घेतलेली निदान पन्नास कुटुंबं माझ्याकडे आहेत, ज्यांना पुढे तो खरोखर उपयोगी पडला. बायपास, डायलिसिस, करोना. आता मार्चमध्ये फोन येत नाही. तिशीतल्या मुलाला हृदयविकाराची भीती दाखवून विमा विकता येत नाही, कर वाचतो म्हणून येत होता.

अजून_पंचविशी
पंचविशीतल्या मुलालाही नाही येत. पण वाचतोय.

नाडीपरीक्षा
हप्तेवाल्यांचा दुसरा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटला. ताळेबंदताईंचं गणित निर्दोष आहे, पण त्यांनी वाचवलेला लाख रुपये विमा न घेणाऱ्यालाही मिळाला. ८० डी फक्त घेणाऱ्याला मिळत होता. पहिल्याने खिसा भरतो, दुसऱ्याने माणूस विम्याच्या दाराशी यायचा.

मी डॉक्टर आहे, दवाखाना सातारा रोडला. आमच्याकडची बाजू सांगतो. उपचारांवर जीएसटी माफ आहे, पण माफ म्हणजे करातून सुटका नव्हे. रुग्णालय सोनोग्राफीचं यंत्र घेतं, लिफ्ट बसवतं, हाउसकीपिंगचं कंत्राट देतं, त्यावर जीएसटी भरतं आणि तो कशातूनही वळता होत नाही. तो बिलात मिसळून जातो, तुम्हाला दिसत नाही इतकंच. विमा कंपन्यांचं आता जे झालं ते आमचं २०१७ पासून चालू आहे. निर्यातीला शून्य दर असतो, भरलेला कर परत मिळतो. माफीत परत काही मिळत नाही. वर्तमानपत्रवाले दोन्हीला 'शून्य' लिहून मोकळे होतात.

आणि एक गंमत. १८ जुलै २०२२ पासून आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, आणि तो पूर्ण भाड्यावर, वरच्या हजारावर नव्हे. ५,००० ची खोली घेतलीत तर कर शून्य, ६,००० ची घेतलीत तर रोज ३००. आजारी माणसाच्या नातेवाइकाला भरतीच्या काउंटरवर हे सुचणार आहे का?

सिंहगड_पायथा
मागच्या मे महिन्यात बाबांना एका मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं (नाव घेत नाही). बिलात 'रूम रेंट जीएसटी' बघून मी वाद घातला, म्हटलं उपचार करमुक्त असतात. कॅशियर शांतपणे म्हणाली, 'काका, उपचारांना नाही, खोलीला आहे.' मला काका म्हणाली. वय ४१.

वाडा_पाडलेला
काका म्हणाली ते जास्त लागलेलं दिसतंय.

बोहरीआळी
इतका वेळ वाचत होतो. सगळे पगारदार, सगळे ३० टक्केवाले. माझं दुकान आहे, चार माणसं कामाला. त्यातल्या एकाने, लग्न झालेला आहे, बायको आणि दोन मुलं, मागच्या वर्षी कुटुंबाची पॉलिसी काढली. हप्ता १२,०००, वर जीएसटी २,१६०. तो आयुष्यात कधी आयकर भरणार नाही, त्याला ८० डी म्हणजे काय ते सांगूनही उपयोग नाही. त्याने हे २,१६० मात्र खरे भरले होते. यंदा नाही भरावे लागले, दोनच दिवसांपूर्वी येऊन सांगून गेला.

तुमची ८० डी मोठ्या पगाराला मोठी सवलत द्यायची. तीच पॉलिसी, तेवढाच हप्ता, पण साहेबाला ३१ टक्के परत आणि माझ्या माणसाला काही नाही. त्याच्यावर उलट १८ टक्के. जे झालं ते उशिरा झालं एवढंच म्हणेन.

ताळेबंद
बोहरीआळी, तुमच्यापुढे मी गप्प बसते. खरंच.

हप्तेवाला
मान्य. पण तुमच्या माणसाला पॉलिसी कुणी विकली? माझ्यासारख्यानेच.

बोहरीआळी
मीच सांगितलं त्याला. कमिशन मला पाठवा.

एडिसनचा_पुणेकर
इकडून (न्यू जर्सी) गंमत बघतोय. तुमच्याकडे करसवलतीने विमा घ्यायला लावायचं की नाही यावर वाद, आमच्याकडे कराने घ्यायला लावून झालं. २०१० चा आरोग्य सुधारणा कायदा, म्हणजे लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात तो. विमा नसेल तर आयकर विवरणपत्रातच दंड. हा दंड की कर, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं, आणि २०१२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की कर लावायच्या अधिकारात हे बसतं. म्हणजे कायदा वाचला तो 'हा कर आहे' या एका वाक्यावर, आणि सरकार तोवर लोकांना सांगत होतं की हा कर नाही. पुढे २०१७ च्या कर कायद्याने तो दंड २०१९ पासून शून्य केला. पण माझ्या राज्याने त्याच वर्षीपासून स्वतःचा सुरू केला, त्यामुळे मला काही फरक नाही.

त्या कायद्याचा खर्च भागवायला लावलेले कर तर बघण्यासारखे. वैद्यकीय उपकरणांवर २.३ टक्के, महागड्या विम्यावर ४० टक्के (तो कधी सुरूच झाला नाही, दोन्ही २०१९ च्या डिसेंबरात रद्द). मोठ्या पगारावर ०.९ टक्के आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ३.८ टक्के, ते २०१३ पासून चालू आहेत. आणि अंग रापवून घ्यायच्या दुकानांवर १० टक्के.

वाडा_पाडलेला
एक मिनिट. अंग रापवून घ्यायला लोक पैसे देतात? आणि वर १० टक्के कर? आमच्याकडे स्वारगेटला रिक्षाच्या रांगेत उभे राहा, एप्रिलमध्ये, फुकट आहे.

एडिसनचा_पुणेकर
:) पण मुख्य मुद्दा राहिला. इथे नोकरीतून विमा न मिळणाऱ्या, स्वतः बाजारातून तो घेणाऱ्याला हप्त्यासाठी सरकार मदत देतं, तीही करसवलतीच्या रूपात. २०२१ मध्ये ती वाढवली होती, २०२५ च्या अखेरीस वाढीव भाग संपला. त्याच भांडणात गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद होतं. माझा भाऊजी स्वतःचा छोटा धंदा करतो, त्याचा जानेवारीचा हप्ता बघून बहिणीने पहिल्यांदा पुण्याला परत यायची भाषा केली.

आणि ताळेबंदताई म्हणाल्या ते, कंपनीने भरलेला हप्ता पगारात न धरणं, ते इथेही आहे. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी होती म्हणून कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. युद्ध संपलं, सवलत राहिली. आता ती काढायची कुणाची हिंमत नाही.

नाडीपरीक्षा
इथे मला भीती वाटते ती हीच. आपण अमेरिकेच्या वाटेने चाललोय. सगळी चर्चा हप्त्यावर किती कर, वजावट किती. रुग्णालयाचं बिल मुळात एवढं का, यावर कुणी बोलत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये म्हटलं होतं की सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करू. कुठे झालाय?

एकरकमी
पण लोकांच्या खिशातून जाणारा वाटा कमी झालाय ना? राष्ट्रीय आरोग्य लेखे बघा. २०१३-१४ ला एकूण आरोग्य खर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतः भरत होते, २०२१-२२ ला ३९.४. हा काही लहान फरक नाही.

नाडीपरीक्षा
आकडा मान्य. पण २०२१-२२ हे करोनाचं वर्ष. लसी आणि उपचारांवर सरकारचा खर्च तेव्हा एरवीपेक्षा कितीतरी जास्त होता, वाटा आपोआप खाली येणार. आणि माझ्या दवाखान्यात येणारा माणूस औषधाच्या दुकानात अजून पाकीट उघडूनच उभा असतो.

एकरकमी
डॉक्टरसाहेब, वाटा त्याच्या आधीपासून दरवर्षी घसरतच होता. सगळं करोनावर ढकलू नका. औषधं पण बहुतेक १२ वरून ५ टक्क्यांवर आलीत, ३३ जीवरक्षक औषधं तर करमुक्त.

चिमणबाग
आणि आपण दर वर्षी आरोग्य व शिक्षण सेस भरतो त्याचं काय? ४ टक्के! २०१८ च्या आधी ३ टक्के होता, नुसता शिक्षणाचा. आरोग्याच्या नावाने एक टक्का वाढवला. ससून रुग्णालयाला त्यातले किती मिळतात?

ताळेबंद
ससून राज्य सरकारचं. सेस केंद्राचा, आणि सेसमध्ये राज्यांना वाटा नसतो, तो वाटपाच्या हिशोबात धरतच नाहीत. आरोग्याच्या भागासाठी २०२१ मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी काढला, त्यातून केंद्राच्या योजनांना पैसा जातो. म्हणजे आयुष्मान भारतमार्फत फिरून थोडे येत असतील. सरळ रस्ता नाही.

कलम४१
करमाफीवर बोलताय तर सगळ्यात मोठी राहिली. पुण्यातली कित्येक मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. आयकरातून सूट, जमीन सवलतीत, देणग्यांना सवलत. त्या बदल्यात राज्याच्या सार्वजनिक न्यास कायद्यातल्या ४१ अअ कलमाखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिलीय.

आता मला सांगा, इथल्या किती जणांना हे माहीत होतं? ५० हजारांच्या वजावटीसाठी तीन पानं लिहिली आपण. ही पण आपल्याच कराची सूट आहे, आणि तिचा हिशोब आपण कधी मागत नाही. भरती होताना समाजसेवा कार्यालयात जाऊन अर्ज द्या, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जोडा. काउंटरवाला स्वतःहून सांगणार नाही.

बोहरीआळी
वाचनखूण साठवली. माणसांना सांगतो.

सिंहगड_पायथा
रेशनकार्डावरून आठवलं. राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना पण आता पिवळं-केशरी काही न बघता सगळ्यांना आहे, कव्हर दीड लाखावरून पाच लाख. आमच्याकडे पांढरं कार्ड आहे, कुठल्या ट्रंकेत ते आई शोधतेय.

हिंजवडीग्रस्त
धागा विम्यावरच्या कराचा होता, ट्रंकेपर्यंत पोचला.

चिमणबाग
ट्रंकेतच सापडेल शेवटी उत्तर.

पौडफाटा
परत येतो मूळ प्रश्नाकडे, कारण नूतनीकरणाला आठवडाच राहिलाय. ताळेबंदताईंचं ऐकून नवी प्रणालीच ठेवतोय. प्रश्न असा की बाबांना ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं तर खासगी पॉलिसी सोडावी लागते का? ते कार्ड उत्पन्न न बघता मिळतं असं ऐकलंय.

ताळेबंद
ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) वगैरे असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. पॉलिसी सोडू नका. ७४ व्या वर्षी सोडलेली पॉलिसी परत त्याच अटींवर मिळत नाही. आधी तुम्ही जिथे जाता ती रुग्णालयं त्या योजनेत आहेत का ते बघा, मग बाकी.

नाडीपरीक्षा
+१. कार्ड काढा आणि पॉलिसीही ठेवा. आणि खोली ५,००० च्या आतली घ्या.

हप्तेवाला
पौडफाटा, बाबांचा हप्ता बाबांनीच भरला तर? त्यांना पेन्शन असेल ना?

ताळेबंद
पेन्शन आणि व्याज मिळून १२ लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत त्यांना कर शून्यच आहे, कोणी भरला याने काही बिघडत नाही. फक्त शेअर विकून नफा झाला असेल तर त्यावरच्या खास दराच्या कराला ही सूट नाही, तेवढं विचारून घ्या.

पौडफाटा
सगळं वाचून काल रात्री बाबांशी बोलायला गेलो. म्हटलं बाबा, हप्त्याचं बघू या. ते म्हणाले, 'परवाच भरून आलो, शाखेत जाऊन.' चेकने. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, 'तू ऑफिसात काय ते प्रणाली-प्रणाली करत बसला होतास.'

पावती त्यांच्या फायलीत लावलेली आहे. १९९८ पासूनच्या सगळ्या पावत्या आहेत त्यात, वर्षवार. यंदाच्या पावतीवरही वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलंय: ८० डी.

ताळेबंद
त्यांना सांगू नका.